ताई म्हणून बोलले

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ताई म्हणून बोलले. उजव्या हातात कटर तसाच होता, त्याच्या टोकाचं रॉकेल मनगटापर्यंत ओघळलं होतं आणि टेबलावरच्या काचेवर रेघ अर्ध्यात येऊन थांबली होती. रेघ अर्ध्यात थांबवायची नसते. आमच्या काचेच्या दुकानातला हा पहिला धडा. एका दमात, एका दाबानं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि एकदाच. मध्ये थांबून पुन्हा त्याच रेघेवरून कटर फिरवला तर काच ऐकत नाही, वाटेल तिकडे जाते. हे सांगताना बाबा काचेकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. फोन वाजला तेव्हा ते मागच्या बाजूला कड घासायच्या मशीनवर होते आणि त्या घरघरीत त्यांना स्वतःचं खोकणंसुद्धा ऐकू येत नाही. मी रेघ सोडून उचलला, कारण कुठलीही गोष्ट वाजत राहिली की माझं डोकं फिरतं. पलीकडे एक बाई होती, सर्दी झालेली. तिनं ताईचं नाव घेतलं, अख्खं, आडनावासकट, आणि विचारलं, "बोलताय ना?" मी म्हटलं, "हो, बोला." यात खोटं काहीच नव्हतं. दुकानाच्या फोनवर कुणी कुणाचंही नाव घेतलं तरी आम्ही हो, बोला म्हणतो, मग माप घेतो. ताईचा मोबाईल बादलीत पडल्यापासून तिनं सगळीकडे हाच नंबर देऊन ठेवला होता. बाई म्हणाली, "तुमचं उत्तर अजून आलं नाही. यादीतली पुढची मुलगी रोज फोन करतेय. येणार आहात का? एक जागा आहे, वसतिगृहात तिसरा मजला, एक तारखेपासून." आणि मी ते परत म्हणून दाखवलं. फोनवर माप घेतलं की परत म्हणून दाखवायचं, ही बाबांची शिस्त. एक जागा. तिसरा मजला. एक तारीख. आणि शेवटी म्हणायचा तो शब्द माझ्या तोंडातून सवयीनं बाहेर पडला. पक्कं.

बाबांच्या दुकानात पक्कं म्हटलं म्हणजे काच कापली गेली. मग गिऱ्हाईक काहीही म्हणो, सहा इंच जास्त झालं म्हणो, खिडकीच नको म्हणो, ती काच त्याची. बाबांनी स्वतः एकदा चुकून पक्कं म्हटलेला दुकानाएवढा आरसा अजून न्हाणीघराच्या बाहेर उभा आहे. आम्ही सगळे रोज त्याच्यासमोर दात घासतो, आख्खेच्या आख्खे, पायांसकट. तर मी पक्कं म्हटलं, आणि बाईनं अर्जाचा नंबर विचारला. मी म्हटलं हाताशी नाही. "मग पाचच्या आत फोन करून सांगा," ती म्हणाली. "पाच वाजता मी यादी बंद करते, पुढे माझ्या हातात काही नाही." तिनं स्वतःचा नंबर दिला आणि शिंकली. मी तो नंबर लाल मेणाच्या पेन्सिलीनं, हाताशी आली त्या कापून उरलेल्या काचेच्या पट्टीवर लिहिला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हा फोन लांबच्याचा होता.

आमच्या घरात त्या दोन शहरांची नावं कुणी घेत नव्हतं. एक लांबचं आणि एक जवळचं. दोन्हीकडून ताईला हो आलं होतं, एकाच आठवड्यात, आणि तेव्हापासून तीन आठवडे घरात माणसं राहत नव्हती, ही दोन शहरं राहत होती. आई हॉस्पिटलच्या धोबीखान्यात असते, ती संध्याकाळी हात चोळत येते आणि एकच वाक्य बोलते. "जवळ असलीस तर आजारी पडलीस तरी सहा तासांत पोचता येतं." लांबच्याला दोन रात्री गाडीत काढाव्या लागतात. ताईला एमेस्सी करायचंय चिखलात. मी तसंच सांगते लोकांना, चिखलात एमेस्सी, आणि ती चिडते, म्हणते गाळ म्हण, निदान गाळ म्हण. समुद्राच्या तळात लांब नळी खुपसतात आणि वर काढतात, की नळीत चिखल थरांनी बसलेला असतो. एकेक बोट म्हणजे शंभरेक वर्षं. लांबच्या शहरात अशा नळ्यांची एक थंड खोली आहे, तिचा फोटो ताईनं पुस्तकात घालून ठेवलाय. जवळच्यात तशी खोली नाही. तिथे फक्त नळ्यांवर लिहिलेलं वाचायचं. ताई लांबच्याबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज खाली जातो, दुसऱ्याची वस्तू न विचारता हातात घेतल्यासारखा. आणि मग लगेच ती जवळच्याबद्दल मोठ्यानं बोलायला लागते. तिकडे भाडं बरं, तिकडे हवा बरी, तिकडे टाचणीला नेता येईल. टाचणी म्हणजे मी. हे नाव बाबांनी ठेवलं, मी चार वर्षांची असताना, का ते विचारायची कुणाला गरज पडत नाही.

मला नेता येईल, यावरच तर मी तीन आठवडे जगत होते. लांबच्यात वसतिगृह होतं, एका मुलीला एक पलंग. जवळच्यात वसतिगृह नव्हतं, म्हणून खोली घ्यायची, म्हणून दोघींनी घ्यायची, म्हणून मी. ताईबरोबर मी तिथे एकदा जाऊन आले होते, मुलाखतीला. ती आत गेली आणि मी बाहेर फुटपाथवर उभी राहिले. समोर छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस होता, एक बाई दोन्ही हातात दोन कुत्र्यांच्या साखळ्या घेऊन ओढली जात होती, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर काचा बसवत होते आणि बसवणारा चुकीच्या बाजूनं पुट्टी लावत होता. मी बघत होते आणि मला कुणी बघत नव्हतं. त्या फुटपाथवर मी शाळा सोडलेली नव्हते, काचवाल्याची धाकटी नव्हते, तोंडाळ नव्हते. पाऊण तास मी कुणीच नव्हते, आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. परत येताना बसमध्ये ताई विचारत होती, कसं वाटलं. मी म्हटलं, ठीक. तेव्हापासून चपलेत खडा असावा तसं झालंय, उभी राहिले तरी टोचतं, बसले तरी टोचतं. आता तर सोपं होतं. मी काहीच करायचं नव्हतं. पाच वाजू द्यायचे. बाई यादी बंद करेल, लांबचं आपोआप गळेल. रॉकेल लागलेल्या अंगठ्यानं तो लाल नंबर पुसला की झालं. मी पट्टी उचलून उजेडात धरली. काच समोरून बघितली तर काही दिसत नाही, पलीकडचंच दिसतं. कडेनं बघितली की कळतं ती हिरवी आहे, खोल, शेवाळासारखी. नंबर तिच्यावर तरंगत होता. मी पट्टी कांबळ्याखाली सरकवली, टेबलावर काचेखाली अंथरलेलं असतं ते कांबळं, आणि अर्ध्या रेघेवरून पुन्हा कटर फिरवला. मला माहीत होतं. तरी फिरवला. दाबलं तेव्हा काच रेघ सोडून तिरकी गेली, माझ्याकडे आली, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक पातळ लाल दोरा उमटला.

"काय टाचणी, झाली का माझी काच, की अजून वाळूच भाजताय?" सुतारकाका दारात उभे. कपाटाची काच त्यांचीच होती. मी म्हटलं, "तुमची कपाटं सरळ असती तर एका मापात झाली असती. वर अठरा, खाली साडेसतरा, ही चौकट आहे की शर्टाची बाही?" ते हसले, बाबांकडे वळून ओरडले, "अहो, हिनं शाळा सोडली नाही, शाळेनं जीव सोडवून घेतला." मशीन थांबलं. बाबा आले, तुटलेली काच बघितली, माझा अंगठा बघितला, आणि म्हणाले, "दोनदा मारलीस." बस. ओरडले असते तर मी पण ओरडले असते आणि मोकळी झाले असते. ते फडकं आणायला गेले. सुतारकाका स्टुलावर बसले, खिशातून पेन्सिल काढून कानावर ठेवली, म्हणाले, "आणि मोठी जवळच्याच शहरात चाललीय म्हणे. बरं करतेय. लांब गेलेली माणसं फोनवर फार छान बोलतात." हे त्यांनी सहज म्हटलं. त्यांचा मुलगा कुठेतरी फार लांब आहे, हे मला नंतर आठवलं, ते गेल्यावर. तेव्हा मी फक्त कांबळ्याकडे बघत होते. पट्टीमुळे कांबळ्याला एक उंचवटा आला होता, दोन सूत असेल नसेल, पण मला तो अख्ख्या टेबलाएवढा दिसत होता. त्यावर चुकून कुणी काच ठेवली असती तर तडकली असती.

बारा वाजले, एक वाजला. डब्यातलं खाल्लं, चव लागली नाही. दुपारी रस्त्यावर माणसं कमी होतात आणि आमच्या दुकानात तेव्हा फार दिसतं, सगळीकडे काचाच, एका काचेत दुसरी, त्यात रस्ता, त्यात मी, काचेच्या कडेपाशी पाय कापलेली, उलटी, तीन-तीन. मला बसवत नव्हतं. मी झाडलं, पुन्हा झाडलं. अशीच मी वर्गात असायचे. दहावीला माझा बाक खिडकीजवळ होता आणि त्या खिडकीची काच आमच्याच दुकानातली होती, खालच्या कोपऱ्यात बाबांच्या हाताची लाल खूण अजून पुसलेली नव्हती. भूमितीच्या सरांनी एक दिवस माझे मार्क मोठ्यानं वाचले. मग म्हणाले, "काचा कापणाऱ्याच्या मुलीला सरळ रेघ येत नाही." सगळे हसले. मी उठले, दप्तर घेतलं, आणि दारातून बाहेर पडले, आणि पुन्हा गेले नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता ते कुणीतरी मला सांगितल्यासारखं वाटतं. लोकांना आवडतं ते. सुतारकाका तर माझ्या बाजूनं सरांना शिव्या घालतात. मी सांगताना नेहमी दारापाशी थांबते, बाहेर पडल्यापाशी. दाराच्या पुढचं सांगत नाही. पुढे मी जिन्यात बसले होते, आणि मला राग आला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि मला त्यातलं अक्षरही येत नव्हतं. सर जे बोलले ते नसते बोलले तर मला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

साडेचारला ताई आली. दारातच तिनं चपला नीट जोडीनं काढल्या, दुकानात कुणी चपला काढत नाही, पायाला काच लागते. मग लक्षात येऊन पुन्हा घातल्या. ती हसत होती. तिचं हसणं मला पाठ आहे. खरं असतं तेव्हा डावा डोळा आधी बारीक होतो. आता दोन्ही डोळे उघडे होते.

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. "जवळचं."

माझा तो टोचणारा खडा गळून पडायला हवा होता. तो नुसता दुसरीकडे सरकला. "पाठवलंस?"

"फॉर्म भरला सगळा. पाठवायचं बटण तेवढं राहिलंय. लायब्ररीतल्या कंप्युटरला ही रांग."

 रांगेत नंबर लागला म्हणूनच फॉर्म भरला ना. बटणाला वेगळी रांग असते का? ती बोलतच होती. खोली दोन आठवड्यात बघायची, खिडकी पूर्वेला हवी, पडदे आईच्या जुन्या चादरींचे होतील, आणि दहावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो, तिनं चौकशीसुद्धा केलीय, सकाळी मी कुठेतरी काम करेन आणि संध्याकाळी ती मला भूमिती शिकवेल.

"मी म्हटलं होतं भूमिती शिकव?"

"तू कशाला म्हणायला हवंस? तुझ्यासाठीच तर घेतलं."

तुझ्यासाठी. हा शब्द तिनं टेबलावर ठेवला, हलकेच, मला आवडेल अशा बेतानं. आणि मला तो ओळखीचा वाटला. शाळेची गोष्ट सांगताना मी तो दारापाशी रोज वापरते, फक्त माझ्याकडे त्याचं नाव भूमितीचे सर आहे.

"माझ्या नावावर पावती फाडू नकोस," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी तंतरलीय. दोन रात्रींच्या गाडीला घाबरलीस, आणि सांगायला बरी मी सापडले. धाकटीसाठी राहिली हो, किती गुणाची मुलगी."

ताईचा चेहरा हळूहळू लाल होत नाही, एकदम पांढरा होतो. "आणि तू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सरांच्या नावावर फाडलीस ती कुठली पावती? दुसऱ्या दिवशी पेपर होता. तुझी वही बघितली होती मी. मागची वीस पानं कोरी होती. तरी गल्लीभर तुझी बाजू घेत फिरले."

नेमकं तेव्हा मशीन थांबलं. मशीन थांबल्यावर दुकानात जी शांतता येते तिला काचेसारखी कड असते. बाबा मागे उभे होते, हातांना घासलेल्या काचेचा पांढरा चिखल लागलेला. त्यांनी किती ऐकलं, मला कळलं नाही. मला दारातून बाहेर पडावंसं वाटलं. पाय तयार होते, पायांना सवय आहे. दार चार पावलांवर होतं आणि यावेळी तर मला खरोखरच कुणीतरी काहीतरी बोललं होतं. मी कांबळ्याखाली हात घातला आणि पट्टी काढून ताईसमोर ठेवली.

"सकाळी लांबचा फोन आला होता. मी तू म्हणून बोलले. येतेय म्हणून सांगितलंय. पाचच्या आत अर्जाचा नंबर कळवायचाय, नाहीतर बाई यादी बंद करणार, जागा पुढच्या मुलीला जाणार."

ताईनं पट्टी उचलली. "सकाळी? सकाळी कधी?"

"अकराला."

"आणि आता सांगतेस?"

"आता सांगतेय."

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, सुतारकाका बसतात त्या. बाबांनी हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं. मला विचारलं, "पक्कं म्हणालीस?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग ताईला म्हणाले, "तिचं पक्कं तुझ्यावर नाही. आरसा मी म्हटलेला, मी ठेवून घेतला. तुला नको असेल तर नको म्हण. पण फोन कर. ती बाई यादी घेऊन बसलीय, आणि ती पुढची मुलगी पण कुणाच्या तरी घरात फोनपाशी बसली असेल." आणि मला, तिच्याकडे बघतच, "तू काकांची काच घे. वर अठरा, खाली साडेसतरा." कोऱ्या पानांबद्दल ते काही बोलले नाहीत. आजपर्यंत बोललेले नाहीत.

मी नवी काच टेबलावर घेतली, पुसली, कोन बघायला गुण्या लावला. अंगठ्याला बांधलेलं फडकं ओलं झालं होतं. चार चाळीस. मागे ताई उठली नाही. चार पंचेचाळीस. मी रॉकेलमध्ये कटर बुडवला आणि धरून ठेवला, एक थेंब पडला, दुसरा पडला. मला मागे वळून बघायचं होतं आणि मला बघायचं नव्हतं. मी मनात फुटपाथ बघत होते, तो छत्रीवाला, ती कुत्री, चुकीची पुट्टी लावणारा तो माणूस. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. फोनची बटणं. काचेवर लिहिलेला नंबर वाचायला वेळ लागतो, मागचं सगळं त्यातून दिसतं.

"हो, नमस्कार," ताई म्हणाली. "अर्जाचा नंबर सांगायचा होता." आणि तिनं सांगितला. अकरा आकडे, न अडखळता, कुठलाही कागद न बघता. जवळच्याच्या अर्जाचा नंबर तिला तीन आठवडे दर वेळी पिशवीतून शोधावा लागायचा. मी त्या आकड्यांबरोबर कटर टेकवला आणि ओढला. काच कुरकुरली, तो आवाज बारीक आणि सलग हवा, तुटला की बिघडलं. मी थांबले नाही. पलीकडून ती बाई काहीतरी बोलली असावी, कारण ताई म्हणाली, "नाही, नाही. सकाळी मीच बोलले होते."

रेघ कडेपर्यंत गेली. मी कटर खाली ठेवला. काचेत दुकानाच्या छताचा पंखा दिसत होता आणि त्यात माझं नाक. ताई अजून फोनवरच होती. तिनं घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. पाहुणी आली तर किती दिवस ठेवता येते? बहीण आहे. हो, धाकटी." ती ऐकत होती. मग तिनं ते परत म्हणून दाखवलं, माप म्हणून दाखवतात तसं, एकेक शब्द सुटा, अर्धवट माझ्याकडे वळून.

"तीन दिवस. वर्षातून दोनदा."

आणि थांबली. दुकानाच्या शिस्तीनं आता कुणीतरी पक्कं म्हणायला हवं होतं. बाबा फडकं हातात धरून उभे होते, रस्त्यावर कुणीतरी घंटी वाजवत गेलं, आणि तीन गुणिले दोन किती होतात हे मला शाळा सोडूनही येत होतं. मी दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना ठेवले, आणि दाबलं.